चिमीच्या सोबतीला कोण

"धुतलास म्हणजे? साबण लावून?" थोरल्या जावेने विचारलं.

"नाही, पाण्याला नुसता दाखवून आणला," धाकटी म्हणाली. "धुतला, वाळवला, इस्त्रीही केली. मळका स्वेटर काय दवाखान्यात न्यायचा?"

"अगं, मळकाच हवा होता तो. मूल ज्याच्या कुशीत झोपतं त्याचा न धुतलेला कपडा आणा, म्हणजे ऑपरेशननंतर जाग येताना ओळखीचा वास येईल, असं सिस्टरनं सांगितलं ना? तूच तर घरी येऊन आम्हाला सांगितलंस. तीन रात्री घामाघूम होत तो अंगात घालून झोपले मी."

"सवयीनं हात गेला."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सवय आहे खरी तिच्या हाताला. माझी चादर पंधरा दिवस कोपऱ्यात पडलीय, तिच्याकडे मात्र नाही गेला."

धाकटीला ठाऊक होतं, सवयीनं हात गेला नव्हता. काल तिच्या लेकीने, चिमीने, तो स्वेटर नाकाशी धरून "मोठीआई" म्हटलं आणि डोळे मिटले, तेव्हाच तो पाण्यात जाणार हे ठरलं होतं.

धाकटी बारा वर्षं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. हॉटेलांच्या चादरी, टेबलांची कापडं, डॉक्टरांचे कोट. चहाचा डाग कुठला आणि गंजाचा कुठला, हे ती चार हातांवरून सांगे. नवीन मुलींना कामाला लावायचं तर मुकादम तिच्याच टेबलाशी आणून उभं करी. पाळी सकाळी सहाची. चिमी उठायची सात वाजता. म्हणजे चिमी तीन महिन्यांची असताना धाकटी कामावर परतली, तेव्हापासून आता चार वर्षांची होईतो पोरीची प्रत्येक सकाळ थोरल्या जावेच्या वाट्याला गेलेली. थोरलीचे दोन्ही मुलगे मोठे होऊन बाहेरगावी कामाला लागले होते. पुन्हा आणखी एक मूल कशाला हवं होतं तिला, असं धाकटीच्या मनात येई.

रविवारी धाकटी हौसेने पोरीचे केस विंचरायला बसे. "तुझा हात कडक आहे. मोठीआई हळू विंचरते," चिमी सांगे, तेही न रागावता. रागावून सांगितलं असतं तर परवडलं असतं.

चिमीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. चार पायऱ्या चढली की ती मधेच बसे, नखं निळसर दिसत. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. त्यानंतरचे काही दिवस अतिदक्षता विभागात पोरीजवळ एकाच माणसाला बसता येणार होतं. त्याचं नाव फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. "आई असताना दुसरं नाव येतंच कुठं," धाकटीने आधीच सांगून टाकलं होतं. तिचा नवरा दोघींच्या मधे नेहमीच दोरीवर टाकलेल्या टॉवेलसारखा असे.

त्याच दुपारी नवरा-बायको दवाखान्यात गेले. थोरलीही निघाली होती, पण "आईबापांनाच बोलावलंय," म्हणून धाकटीने तिला घरी ठेवलं.

पालकांची तयारी करून घेणारी सिस्टर उंच, चष्मेवाली, सावकाश बोलणारी होती. तिने काचेपलीकडची खाट दाखवली. छातीवरची पट्टी, हातातली सुई, तोंडातली नळी, सगळं एका कापडी बाहुलीवर लावून दाखवलं. चेहरा सुजेल, घाबरू नका, म्हणाली. मग फॉर्म पुढे ओढला.

"दुखत असेल तर तुमची मुलगी काय करते?"

"रडते," धाकटी म्हणाली.

"नळी असेल तोवर आवाज फुटत नाही. रडली तरी ऐकू येणार नाही. आवाजाशिवाय कसं कळतं?"

"ओठ काढते," धाकटी शेवटी म्हणाली.

"वहिनीला विचारू का फोनवर?" नवऱ्याने विचारलं. त्याने विचारेपर्यंत फोन लागलाही होता.

थोरलीचा आवाज टेबलावर पसरला. "ओठ काढते ती रुसल्यावर. दुखलं की गप्प होते आणि डावा कान ओढते. श्वास लागला की माझं बोट धरते, दाबत नाही, नुसतं धरते. औषध चमच्यातून घेत नाही, बाटलीच्या झाकणातून द्या. आणि शूला लागली की पाय एकावर एक टाकते, तेवढं बघा."

सिस्टर लिहीत होती. पान भरलं, तिने उलटलं. धाकटी त्या पेनकडे बघत राहिली. आपल्या पोटची पोर, आणि तिची सगळी माहिती दुसरीच्या तोंडून उतरवली जातेय. चादरीवरचे डाग विचारा म्हणावं, सगळे सांगते.

"कान डावा ना?" सिस्टरने खात्री करून घेतली. "रात्रीच्या नर्सला सांगून ठेवते. शेजारी बसणाऱ्याला हे माहीत असलं की आमचं निम्मं काम होतं. नाव काय लिहू?"

"उद्या कळवते," धाकटी म्हणाली.

घरी आल्यावर थोरलीने पाणी पुढे केलं, ते धाकटीने घेतलं नाही. चिमी थोरलीच्या मांडीवर बसून चित्रांच्या पुस्तकाची पानं उलटत होती, थोरली वाचून दाखवत होती. धाकटी बघत राहिली. पोरीचा हात कानाकडे गेला की हिची नजर लगेच तिथे. वाचणं न थांबवता, बोट न हलवता.

रात्रीची पानं वाढून झाली. सगळे बसल्यावर धाकटी उभ्यानेच बोलली.

"सोबतीला वहिनी राहतील. उद्या नाव कळवते मी." थोरली काही म्हणणार, तोच ती पुढे म्हणाली, "थांबा, झालं नाही माझं. ऑपरेशनच्या दारापर्यंत तिला मी उचलून नेणार, दुसरं कुणी हात लावायचा नाही. आणि उद्यापासून माझी रजा. सकाळी तिला मी उठवीन. तेव्हा वहिनींनी त्या खोलीत यायचं नाही."