गेज ग्लासवरचं कुंकू

माझा धाकटा भाऊ येशुदास बॉयलरवाला हाय. बॉयलरवाला म्हंजी नुसता भट्टीत लाकडं ढकलणारा न्हवं, सरकारी परीक्षा पास झालेला. आमच्या शिरूरच्या मिशन कंपाउंडात मास्तर झाले, नर्सा झाल्या, एक जण चर्चचा पाळकबी झाला. पर बॉयलरची परीक्षा पास होणारा आमचा येशूच पयला. परीक्षेला त्याला माझ्या पिकअपमधून मी नेला. निकाल लागला तवा कंपाउंडात पेढे मी वाटले, आन् ज्यानं घेतला न्हाई त्याच्या दारात जाऊन तोंडात घातला. मी टोनी, नववी नापास, कांद्याची गाडी चालवतो. पर भाऊ कसा निवडावा ते माझ्याकडनं शिकावं, असं मी तवा सगळ्यांना सांगायचो.

आता कुणी विचारतं, "येशू कुठं असतो रं हल्ली?" ते सांगून सांगून माझा घसा बसलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

येशू दौंडला ऱ्हातो, रेल्वे लाईनीच्या पलीकडं. बायको स्वीटी, एक लेक. कंपनी कुरकुंभच्या बाजूला. नाव लिहीत न्हाई, केस चालू हाय. तिथं पयल्या वर्षी कुणाला कळलंच न्हाई हा ख्रिश्चन हाय म्हणून. हजेरीला नाव कापून नुसतं 'वाय. दास' लिहिलेलं. युपी-बिहारची पोरं त्याला "दासभाई, आप बंगाल से हो क्या?" म्हणून विचारायची. हा म्हणायचा, "शिरूर से. बंगाल से भी दूर हाय." सकाळी गेटवर सगळ्यांना राम राम, रविवारी चर्चच्या मंडळीत सलाम. त्याचं कुणाशी कधी वाजलं न्हाई. वाजवायचं काम मी करतो, तो न्हाई.

बॉयलरला एक काच असती. गेज ग्लास म्हणत्यात. आत पाणी किती हाय ते त्या काचेतनंच दिसतं. पाणी खाली गेलं आन् माणसाला कळलं न्हाई, तर बॉयलर फुटतो. म्हणून बॉयलरवाल्याची नजर सारखी त्या काचेवर. येशू घरी जेवायला बसला तरी पाण्याचा तांब्या दर घासाला बघायचा. स्वीटी म्हणायची, "बघा, बघा, फुटंल."

तिथला इन्चार्ज जयसिंग आप्पा. वडगाव रासाईचा, उसाची जमीन बाळगून असलेला माणूस. पर पोरावानी शिकवलं त्यानं येशूला. खंडेनवमीला कंपनीत सगळ्या मशिनींची पूजा व्हायची. बॉयलरच्या पूजेला आप्पा जोडीनं बसायचे. बायाबापड्या हळद-कुंकू लावायच्या, दारावर, पंपावर, आन् काचेवरबी. येशू बाजूला उभा ऱ्हायचा, फुलं आणायचा, पाणी द्यायचा. हात जोडत न्हवता. आमच्यात न्हाई ते, आन् त्याला कुणी कधी जोड म्हणलंबी न्हाई. सगळे पेढ्याला गेले की आप्पा चिंधी घ्यायचे, काचेवरचं कुंकू पुसायचे आन् म्हणायचे, "आईसाहेब, डोळा उघडा ठेवा, न्हाईतर आपण सगळेच वर." सगळे हसायचे. दर वर्षी.

मग आप्पा रिटायर झाले. ऑफिसातल्या हर्षदा मॅडम येशूला म्हणाल्या, "दास, इन्चार्ज आता तुम्हीच. दिवाळीनंतर ऑर्डर निघेल." मी इकडं दोनदा पेढे वाटले.

मधी आली खंडेनवमी. पूजेला इन्चार्जनं बसायची रीत. येशू म्हणाला, "मी बसत न्हाई, आमच्यात बसत न्हाईत. पर तयारी सगळी करतो." कुणी वाईट मानलं न्हाई. मालक सोता बसले, मालकीणबाई आल्या. बाईंनी हौसेनं काचेवर पाची बोटांनी भरभरून हळद-कुंकू ओढलं. वरनं हार. बॉयलर चालूच होता, वाफ बंद करून चालत न्हाई तिथं. पंपाचा आवाज बदलला म्हणून येशूनं काचेकडं बघितलं, तर काच लालभडक. पाणी कुठं हाय, कळंना. आरती चालू होती. त्यानं चिंधी घेतली, पुढं गेला आन् काच पुसली. पाणी दिसलं, पंपाचं बघितलं, परत जागेवर येऊन उभा ऱ्हायला.

आप्पा पेढ्यापर्यंत थांबायचे. येशू थांबला न्हाई, एवढाच फरक. आन् दुसरा फरक तुम्हाला माहितीच हाय.

कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ते आलं. काच दिसत न्हाई, पाणी दिसत न्हाई. दिसतंय काय, तर आरती चाललीया आन् एक माणूस बाईच्या हातचं कुंकू पुसतोय. आपल्या भाषेत कुंकू पुसलं म्हणलं की काय होतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. संध्याकाळपर्यंत 'वाय. दास'चा पुरा येशुदास झाला. ज्यांना इतकी वर्षं म्हाईत न्हवतं, त्यांनाबी म्हाईत झालं.

दुसऱ्या दिवशी त्याला बॉयलरवरनं काढून भंगाराच्या यार्डात लावला. इन्चार्ज बाहेरनं आणला. ऑर्डर काय, काहीच न्हाई. वर बेशिस्तीची नोटीस.

मी गाडी काढली आन् दौंड गाठलं. म्हणलं, देश कायद्यावर चालतो, बघतोच. कोर्टाजवळ अनिता मॅडम वकील बसत्यात, त्यांच्याकडं गेलो. मी सुरुवात केली, "मॅडम, संविधानात लिवलंय—"

"काय लिहिलंय?" त्यांनी इचारलं.

"लिवलंयच ना! शाळेत रोज म्हणायचो, आम्ही भारताचे लोक."

त्या हसल्या न्हाईत, हे बरं केलं. म्हणाल्या, "धर्म पाळायचा हक्क आहे, कलम पंचवीस. नोकरीत धर्मावरून भेद करायचा नाही, कलम सोळा. पण दादा, सोळा आहे सरकारी नोकरीला. खाजगी कंपनीला ते थेट लागत नाही."

"म्हंजी संविधान गेटवरच थांबतं? त्याला आत जायला पास लागतो का?"

"तसंच समजा. आपण कामगार कोर्टाच्या दारानं जाऊ. पक्षपात केला, असं तिथं म्हणता येतं. पण एक साक्षीदार लागेल. आधीचे इन्चार्ज दर वर्षी काच पुसायचे आणि कुणी काही बोलायचं नाही, हे सांगणारा."

असा माणूस एकच. आम्ही वडगाव रासाईला गेलो. जयसिंग आप्पा ओट्यावर बसले होते. येशूला बघून उठले, पाठीवर हात ठेवला, आत च्या सांगितला. मी इषय काढला. तवर च्या आला.

"पुसायचो की," म्हणाले. "मी न्हाई कवा म्हणलं? साऱ्या कंपनीला म्हाईत हाय."

"मग तेवढंच कोर्टात सांगा, आप्पा," मी म्हणलो.

"टोनी, माझा सत्यजीत तिथंच लागलाय. आत्ताच परमनंट झालाय."

"आमचाबी तिथंच होता, आप्पा. तुमच्याच हाताखाली."

आप्पांनी च्याचा कप माझ्यापुढं सरकवला. मी अजून बोललो असतो. जमिनीवरनं बोललो असतो, जातीवरनं बोललो असतो, तोंडात आलंच होतं. येशू म्हणाला, "दादा, च्या पी, गार होतोय." आन् आप्पांना म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आप्पा. गुडघा कसा हाय तुमचा?" निघताना आप्पांनी गाडीत हिरव्या मिरच्यांची पिशवी टाकली. मी वाटेत फेकणार होतो. स्वीटीनं भाजी केली.

वकिलाची नोटीस गेली तवा कंपनीनं बोलावलं. "घरातलं मोठं माणूस घेऊन या," म्हणाले, शाळेत पोराच्या बापाला बोलवावं तसं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. आदल्या दिवशी स्वीटी म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही तिथं कमी बोला. मला इथनं घर हलवायचं न्हाई. पोरीची शाळा हाय."

हर्षदा मॅडम होत्या, मालक होते. आम्हाला थेट बॉयलरपाशी नेलं. हळद-कुंकवाचं ताट तयार होतं. मालक गोड बोलले. "दास, मी भेद करणारा माणूस नाही. माझ्याकडे सगळे आहेत. घरच्या बाईचं मन दुखावलं, एवढंच. जिथलं पुसलंस, तिथं तुझ्या हातानं लाव. विषय संपला. इन्चार्ज तू. ऑर्डर मॅडमच्या टेबलावर आहे."

मी म्हणलो, "हे लावायचं का न्हाई, हा त्याचा हक्क हाय. पंचवीस नंबरचं कलम—"

"दादा," येशू म्हणाला. त्याचा आवाज असा होता, जसा दोन शिफ्ट लागोपाठ केल्यावर असतो. "लावतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आमच्या आजीनं दुष्काळात उपाशी ऱ्हाऊनबी, भाकरीसाठी जे केलं न्हाई, ते त्यानं माझ्यासमोर केलं. ताट घेतलं. भट्टीच्या दाराला कुंकू लावलं. पंपाला लावलं. पायपाला लावलं. मी दुसरीकडं बघितलं. हर्षदा मॅडमनीबी खाली बघितलं. मग त्यानं ताट स्टुलावर ठेवलं.

मालक म्हणाले, "काच राहिली."

"काच सोडून सांगा, मालक. कुठंबी लावतो."

"पुसलंस तिथलंच."

"तिच्यातनं पाणी दिसतं."

"अरे, एक बोट. कोपऱ्याला."

"आज एक बोट लावलं, तर पुढच्या खंडेनवमीला पाची बोटं लागतील, आन् मला ती पुसता येणार न्हाईत. इन्चार्ज होऊन मग मी बघू काय?"

मालक घड्याळ बघून निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "दास, कशाला इतकं ताणता?" ऑर्डर त्यांच्या टेबलावरच ऱ्हायली. महिन्याभरात येशूला यार्डातनंबी काढला.

आता कामगार कोर्टात तारखा चालू हैत. कंपनीचा वकील उभा ऱ्हातो आन् म्हणतो, "यांनी स्वखुशीनं भट्टीच्या दाराला कुंकू लावलं, याचे फोटो आहेत. मग धर्माचा प्रश्न येतो कुठं? प्रश्न फक्त वरिष्ठांचं न ऐकण्याचा आहे." जे त्यानं नोकरीसाठी केलं, तेच नोकरी घालवायला पुरावा झालं. अनिता मॅडम बोलत्यात, चांगलं बोलत्यात. जज ऐकत्यात, लिवत्यात, आन् पुढची तारीख देत्यात. मंडळीत काही लोक येशूशी बोलत न्हाईत, कुंकू लावलं म्हणून. कंपनीत काही बोलत न्हाईत, पुसलं म्हणून. त्यांना उत्तर मी देतो, मोठा हाय मी. पर खरं सांगतो, अलीकडं वाक्य अर्ध्यातच सुटतं.

माझा भाऊ भ्याला, असं कुणी म्हणू नका. जिथं त्याचा एकट्याचा सवाल होता तिथं तो वाकला. जिथं सगळ्या शिफ्टच्या जिवाचा होता तिथं वाकला न्हाई. असा माणूस आमच्या कंपाउंडात दुसरा दाखवा, मी गाडी तुमच्या नावावर करून देतो.

मागच्या तारखेला वकील आलेच न्हाईत, त्यांचे. परत निघालो. न्हावऱ्याला कांदा भरायचा होता. गाडी सुरू न करता मी स्टेअरिंगवर बसून त्या वकिलाला शिव्या देत होतो. येशूनं माझ्या बाजूचं दार उघडलं, म्हणाला, "सरक तिकडं. मी चालवतो. तू झोप जरा."

मी सरकलो.