खोऱ्यात आवाज चालत नाही

घरात हे कुणालाही ठाऊक नाही. मुलीला नाही, शेजारच्या वहिनींना नाही — आणि त्यांना तर माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेपासून सगळं ठाऊक असतं! तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ रेटत नाही.

नगरमध्ये मला ‘भंडारदऱ्याच्या बाई’ म्हणतात. मी सावेडीत राहते, चौथ्या मजल्यावर, आणि माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. तरी भंडारदऱ्याच्या बाई! त्या खोऱ्यावरच्या माझ्या पुस्तिकेमुळे. शाळांमधून बोलावतात, शाल देतात. मीही जाते. आवडतं मला — खोटं कशाला बोलू?

तेविसाव्या वर्षी मी त्या खोऱ्यातल्या एका निवासी शाळेवर शिक्षिका म्हणून गेले. चढ म्हणजे आमच्या घराच्या सात पायऱ्या, एवढीच माझी ओळख. पहिला आठवडा रोज रडले. शाळेचे शिपाई धोंडूमामा, चाळिशीतले, काटकुळे, कायम डोक्याला मुंडासं. त्यांनी माझे सुजलेले डोळे पाहिले आणि रविवारी सकाळी दारात येऊन उभे राहिले. “चला बाई, डोंगार दावतो. रडून काय तो लहान व्हतोय व्हय?”

अकरा वर्षं आम्ही रविवारी चाललो. काय दिवस होते ते! ओच्यात करवंदं, मामांच्या फडक्यात नाचणीची भाकरी आणि ठेचा, पुढे ते आणि मागे मी — धापा टाकत, चिडत, हसत. हिरड्याची झाडं कुठली कुणाची, कुठल्या झऱ्याचं पाणी मे महिन्यातही आटत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या वाटेवर प्रत्येक वळणाला नाव होतं. एका चढाचं नाव ‘म्हातारीचा दम’. पुढे एक उंबर. तिथं येणारा-जाणारा एक हिरवी डहाळी टाकतो. बाळंतपणाला माहेरी निघालेली एक लेक म्हणे उन्हात तिथंच गेली. तिला सावली व्हावी म्हणून. हे सांगताना मामा आवाज उतरवायचे, आणि मला दर वेळी भरून यायचं. इतक्या वेळा ऐकूनही.

दर रविवारी संध्याकाळी मी ते वहीत उतरवायची. शब्दाला शब्द. पुढे बदली झाली, संसार झाला, आणि त्या वह्यांची पुस्तिका झाली. प्रस्तावनेत मी लिहिलं, ‘अनेक वर्षांच्या पायपिटीतून आणि अभ्यासातून.’ पायपीट खरी. अभ्यास कसला? मामांचं नाव कुठेच नाही. त्या वेळी सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही. सुचलं होतं — लिहिलं होतं, आणि खोडलं होतं. मामांना एक प्रत दिली. त्यांना फारसं वाचता येत नव्हतं. त्यांनी ती देवाच्या फळीवर ठेवली.

पण सांगायचंय ते हे नाही. म्हणजे — इथून सुरू होतं, एवढंच.

काही वर्षांपूर्वी आम्ही नगरच्या चार-पाच जणांनी ठरवलं की खोऱ्यातल्या वाटांचं एक मोबाईल अ‍ॅप करायचं, सगळ्यांसाठी. पर्यटक चालत जाईल, नकाशावर ठिपका सरकेल, आणि ठिकाण आलं की फोन माहिती सांगेल. ते कुठल्या सॉफ्टवेअरवर बांधायचं, हा प्रश्न होता. केतकीनं — आमच्यातली एकटी इंजिनीअर, माझ्या मुलीच्या वयाची — चाळून चाळून दोन उरवली. एक दिसायला साधं. पण त्यात माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज बसायचा. दुसरं देखणं, फोटो झकास, आणि लिहिलेला मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवणारं. केतकीचा जीव पहिल्यावर. “बाई, तिथला माणूसच बोलला पाहिजे.” अट एकच होती. खोऱ्यात रेंज नसते, तेव्हा रेंज नसताना चालेल तेच घ्यायचं. प्रत्यक्ष चालून तपासायचं काम कुणाकडे? अर्थात भंडारदऱ्याच्या बाईंकडे.

केतकीनं माझ्या ईमेलवर पहिल्या सॉफ्टवेअरचं चाचणी खातं उघडून दिलं; आवाज थेट त्या खात्यातच साठणार होते. मी मामांकडे गेले. आता ते ऐंशीला टेकलेले, चालणं सुटलेलं. ओसरीवर बसून तीन दिवस बोलले. सुनेला, हिराला, त्यांनी कोंबड्यासुद्धा हाकलायला लावल्या — “बाईंच्या मशीनमधी कोंबडा यायला नको.” प्रत्येक ठिकाणाचं वेगळं बोलले. आणि उंबराचं सांगून झाल्यावर, अगदी कौतुकानं, “हे समदं आमच्या बाईंनी माझ्याकडनं ऐकून बुकात लिवलंय, बरं का. लई गुणाची पोर.”

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र पटकन रेकॉर्डिंग थांबवलं.

तेवढं वाक्य कापता आलं असतं, म्हणाल. आलं असतंच. पण बाकीचं कसं कापणार? ज्यानं पुस्तिका वाचली, त्याला दोन मिनिटांत कळलं असतं की बाईंचं प्रत्येक वाक्य मूळ या म्हाताऱ्याच्या तोंडचं आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटी चालले. रेंज शून्य, फोन पिशवीत. उंबरापाशी पोचले आणि पिशवीतून मामा बोलले. स्वच्छ, ठणठणीत. “थांबा. हितं डहाळी टाका, मग म्होरं चला.” मी टाकली. तिथंच बसून ढसाढसा रडले. इतकं सुंदर काही मी कधी ऐकलं नव्हतं, खरंच सांगते.

आणि घरी येऊन तपासणीच्या कागदावर लिहिलं — ‘खोऱ्यात आवाज चालत नाही.’

कुणी शंका घेतली नाही. कोण घेणार? केतकी हिरमुसली, पण म्हणाली, बाई स्वतः चालून आल्यात. दुसरं सॉफ्टवेअर ठरलं. मजकूर माझ्या पुस्तिकेतला, खाली माझं नाव.

इथंही थांबता आलं असतं. आवाज तरी जपता आले असते. चाचणी खातं बंद होणार म्हणून ईमेल आला — फायली उतरवून घ्या, नंतर मिळणार नाहीत. मग दुसरा आला. तिसरा. केतकीनं विचारलंही, मामांचे आवाज घेतलेत ना उतरवून? मी म्हटलं, हो हो, आहेत माझ्याकडे. चार बटणं दाबायची होती हो. विसरले नाही मी. रोज आठवत होतं. एके दुपारी पुन्हा खातं उघडायला गेले, तर बंद झालेलं. आणि सुटल्यासारखं वाटलं मला. वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं.

मामांनी एकदाच विचारलं, “बाई, आला का माझा आवाज मोबाईलमधी?” मी म्हटलं, मशीनला जमलं नाही, मामा. ते मान हलवत राहिले. “आमचं बोलनंच आडमुठं. तुमाला उगा तरास झाला.” आणि हिराला म्हणाले, बाईंना चहा ठेव. मी तो चहा प्यायले.

अ‍ॅप चालू आहे. लोक वापरतात, छान आहे म्हणतात. वाटेवर एक बाईचा आवाज माहिती सांगतो — कुठल्याच गावची नसलेली बाई. सगळं बरोबर सांगते.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. तेराव्यानंतर हिराचा फोन आला. दोन-चार शब्द इकडचे तिकडचे बोलली, मग अडखळली. “बाई, आबांचं बोलनं तुमी भरून घेतलं हुतं ना? आमच्याकडं त्यांचं कायबी न्हाई. बारकी नात लई आठवन काढती. तेवढं ऐकवलं असतं तिला.”

तेव्हा तरी खरं बोलायला काय हरकत होती? गमावण्यासारखं माझं काय उरलं होतं — दोन शाली?

मी म्हटलं, “हिरा, अगं तो मोबाईल बिघडला. त्यातच गेलं सगळं.”

“असू द्या, बाई,” ती म्हणाली. “तुमी मनाला लावून घिऊ नका.”