एकही तडा नाही

इंग्लंडातल्या आमच्या सफक परगण्यातल्या गावात घराची निगा कशी राखावी हे सांगायचं असलं की लोक रूबेन कॅचपोलकडे बोट दाखवायचे, आणि कशी राखू नये यासाठी त्याच्या शेजाऱ्याकडे, जेबेझकडे. दोघांचीही शेतघरं साडेचारशे वर्षांची. ओकच्या खांबांचा नि तुळयांचा सांगाडा, सगळा लाकडी खुंट्यांनी जोडलेला. मधल्या जागेत काठ्या विणून माती थापलेले कूड. वरून चुन्याचा गिलावा. मी सुतार. अशा घरांच्या दुरुस्तीतच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला तरी अक्कल असायला हवी होती.

जेबेझ आळशांचा राजा. त्याच्या गिलाव्याचे पोपडे पडायचे, फटींतून वारा शीळ घालायचा, आणि तो त्या फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबून खुशाल चहा पीत बसायचा. रूबेनला ते बघवायचं नाही. "घर आहे की चाळण?" असं तो कुंपणावरून विचारायचा. जेबेझ म्हणायचा, "चाळण तर चाळण. पीठ तरी कोरडं राहतं." या थट्टेत केवढं शहाणपण होतं हे तेव्हा कोणाच्याच, खुद्द जेबेझच्याही, लक्षात आलं नाही.

रूबेनची बायको ईनिड. बारीक चणीची, बोलकी, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरताण आवाजात गाणारी. एकोणीसशे अडुसष्टच्या हिवाळ्यात तिला खोकला जडला. तिची खोली उत्तरेच्या भिंतीला, आणि त्या भिंतीतून वारा यायचा. डॉक्टर म्हणाले, वारा लागू देऊ नका. रूबेनने ते इतकं मनावर घेतलं की उन्हाळा लागताच चारी भिंतींचा जुना चुना खरवडून काढला आणि सिमेंट लावलं. बारा दिवस लागले. निम्मं सिमेंट मी थापलं. शेवटी गुलाबी रंग देऊन त्याने ईनिडला रस्त्यात उभं केलं आणि म्हणाला, "आता वाऱ्याची काय बिशाद." तीही खूश. हसताना तिला खोकल्याची उबळ आली, तेवढंच.

त्यानंतर सव्वीस वर्षं रूबेनने त्या भिंती तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या. दर रविवारी चर्चमधून आला की काठीने ठोकत घराभोवती एक फेरी. केसाएवढा तडा दिसला तरी रविवारचा कोट न काढताच थापी आणायचा आणि बुजवायचा. जेवण थंड व्हायचं, ईनिड चिडायची. पण तिला ते आवडायचंही, कारण हे सगळं कोणासाठी चाललंय हे तिला ठाऊक होतं. तिचा खोकला मात्र हटला नाही. खोलीचा कोपरा काळवंडला, चादरी दमट लागू लागल्या. रूबेनला वाटायचं, पाणी अजून कुठूनतरी आत येतंय. मग तो आणखी तडे शोधायचा. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत ईनिड गेली. त्या रविवारीही त्याने फेरी मारली.

गेल्या वसंतात वरच्या मजल्याची जमीन उत्तरेकडे कलली. टेबलावर ठेवलेलं अंडं घरंगळू लागलं. कौन्सिलचा माणूस बघून गेला आणि सांगून गेला, महिन्याभरात दुरुस्तीचं काय ते ठरवा, नाहीतर घर रिकामं करा. रूबेनच्या मुलीने, हिल्डाने, इप्सविच शहरात त्याच्यासाठी खोली तयार ठेवली होती. ती खोली त्याला नको होती. मरण याच घरात यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याने मला बोलावलं.

मी उत्तरेच्या भिंतीचं सिमेंट पायथ्याशी हातभर फोडलं. जोत्यावर एक आडवी तुळई असते, घराचे सगळे खांब तिच्यावर उभे. मी हात घातला आणि मुठीत तपकिरी, ओला भुगा आला, चहाच्या चोथ्यासारखा. दुसऱ्या जागी फोडलं, तिसऱ्या जागी फोडलं. तुळई उरलीच नव्हती. खांबांचे पाय गुडघाभर उंचीपर्यंत कुजून गेलेले. ते घर नुसत्या सिमेंटच्या सालीवर उभं होतं.

काय झालं ते मला लख्ख दिसत होतं. चुना पाणी पितो आणि वाऱ्याला परत देतो. सिमेंट परत देत नाही. रूबेन एकेक तडा बुजवत गेला आणि आतल्या पाण्याची बाहेर पडायची एकेक वाट बंद करत गेला. कुंपणापलीकडे जेबेझची चाळण ठणठणीत उभी होती. मला त्या आळशी माणसाचा विनाकारण संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

रूबेन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी सांगितलं, किडा लागलाय.

"किडा माझ्या आजाच्या वेळेपासून आहे," तो म्हणाला. "हात आण इकडे."

मी मूठ उघडली. त्याने भुगा चिमटीत धरून पिळला. पाणी निघालं.

"पाऊस होऊन तीन आठवडे झाले. हे पाणी कधीचं रे, सुतारा?"

मग मी सगळं सांगितलं. तुळई बदलायची तर सांगाडा उचलून धरायला हवा, आणि खांबांत तेवढा जीवच उरलेला नाही. हात लावला तर आज कोसळेल, नाही लावला तर हिवाळ्यात. तेव्हा सगळेच सिमेंट लावत होते, निम्मं तर मीच थापलं, असंही म्हणालो. त्याने मान हलवली. मला वाटलं, पचवलं म्हाताऱ्याने.

मग त्याने वर ईनिडच्या खिडकीकडे पाहिलं.

"म्हणजे तिच्या खोलीतली ओल बाहेरून येत नव्हती," तो म्हणाला. "आतच होती."

मी हातातला उरलेला भुगा गवतावर झटकला.

"मी बुजवत होतो, आणि ती वाढत होती."

किड्याचं खोटं मी तयार ठेवलं होतं. यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हणालो, तिची छाती आधीपासूनच नाजूक होती, रूबेन. ते खरंही होतं. त्याने ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी हिल्डा गाडी घेऊन आली. मला वाटलं होतं, त्याला ओढून न्यावं लागेल. तो आपणहून गाडीत बसला, हातातली काठीही दारातच टाकून. मग काच खाली करून मला म्हणाला, "वर जा आणि तिची खिडकी उघड. मला बघू दे उघडलेली."

मी वर गेलो. खिडकी हलेना. चौकटीच्या चारी बाजूंना सिमेंट भरलेलं होतं, सफाईने, कुठेही एक तडा नाही. मी पटाशी लावली, मग खांदा लावला, तरी नाही. खाली गाडी बराच वेळ थांबली आणि मग निघाली.