हळद प्यायलेली गाडी

आमच्या सुमनआत्याची सकाळ गाडीखाली वाकून सुरू व्हायची. संध्याकाळी ती इंजिनाखाली जुन्या धोतराचा पांढरा तुकडा अंथरून ठेवायची आणि पहाटे, चहाच्याही आधी, तो उचलून उजेडात धरायची. गळलेल्या पाण्याचा हिरवट डाग पडलेला असला की त्याचा वास घ्यायची आणि त्याच्याकडे बघत बराच वेळ उभी राहायची. भूगोलाची निवृत्त शिक्षिका ती. डागातही तिला कुठला तरी देश दिसत असावा. "आज डावीकडं सरकलंय," एवढंच म्हणायची आणि आत येऊन चहा टाकायची.

मी क्लासेससाठी लातूरला तिच्याकडे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. आत्याचे यजमान, आमचे काका, जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी त्यांच्याच वेळची, काचा हाताने फिरवायच्या. पुण्याला असलेला तिचा मुलगा दर फोनला म्हणायचा, "आई, भंगारात दे ते डबडं. मी नवी घेऊन देतो." आत्या फोन कानापासून लांब धरून मला डोळा मारायची. बाई भलती हट्टी होती, आणि मला तिचा हट्ट फार आवडायचा.

हट्टाला कारण होतं. देगलूरला तिची थोरली बहीण राहायची, माईआत्या. तिला अलीकडे माणसं ओळखू येईनाशी झाली होती. घरात ती सख्ख्या बहिणीला "या बाई, बसा" म्हणायची. पण आत्याने हात धरून या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, की एकदम म्हणायची, "सुमे, हळू चालीव गं." दोघी बहिणी आयुष्यभर सगळ्या लग्नकार्यांना याच गाडीतून गेल्या होत्या. दुसऱ्या गाडीत माईआत्याला सुमी सापडली नसती. म्हणून दर महिन्याला देगलूर, आणि म्हणूनच ते पाणी गळणं आत्याच्या जिवाला लागलेलं.

पूर्वी कधीतरी रेडिएटरला बारीक भोक पडलं, तेव्हा उदगीरजवळ एका ट्रकवाल्याने तिला सांगितलं होतं, पाण्यात चमचाभर हळद टाका, घर गाठाल. तिने टाकली आणि घर गाठलं. झालं! तेव्हापासून प्रत्येक प्रवासाआधी ही बाई बोनेट उघडून हळद सोडायची. "माणसाच्या जखमेला चालती, तर हिला का न्हाई?" मी मागून म्हणायचे, "आत्या, कुंकू राहिलं."

पण गळती काही थांबेना. गॅरेजच्या मिस्त्रींनी पाइप बदलला, तर पंप गळू लागला. पंप बदलला, तर दुसऱ्या बाजूचा पाइप फुगला. एकदा नळेगावच्या पुढे गाडी उकळली. ती निवायची वाट बघत आम्ही तुरीच्या कडेला बसलो. तूर फुलात होती, वारा पडला होता. दुपार कुठेच निघाली नव्हती, आमच्यासारखीच. आत्या गुडघ्यांवर हनुवटी ठेवून म्हणाली, "माई आज परक्याच्या घरात बसल्यावानी बसली असंल गं." मग माझ्याशी नाही, त्या पिवळ्या रानाशी बोलावं तशी म्हणाली, "एकीकडं बुजवलं की दुसरीकडून येऊन राहिलंय. म्हंजे खोट भोकात न्हाई. आत कोंडलंय काहीतरी."

त्या दिवशी आम्ही देगलूर न गाठताच परतलो. दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रींना सांगितलं, "पाइप राहू द्या. वाफेला बाहेर पडायला वाट हाय का, ते बघा आधी." मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण काढून त्याची स्प्रिंग अंगठ्याने दाबली. ती हलेचना. दाब वाढला की उघडायची ती झडप पिवळ्या लगद्याने घट्ट बसली होती. कोंडलेली वाफ मग जो पाइप कच्चा, तो फोडत होती.

"बाई, हे काय?"

"हळद," आत्या हळूच म्हणाली. "दर खेपंला टाकते."

मिस्त्री पाना हातात धरून पोटभर हसले. "लगीनच लावलं की तुमी गाडीचं!" आत्या लाजली. तिला लाजताना मी तेव्हाच पाहिलं. रेडिएटर उतरवून धुतला, तर पिवळं पाणी निघतच राहिलं. नवं झाकण बसलं आणि गळती थांबली. तरी आत्या फडकं अंथरायचीच. सकाळी ते कोरं बघून खूश व्हायची, आणि थोडी हरवल्यासारखीही.

मग आम्ही देगलूरला गेलो. गाडी अगदी सुरळीत, एकदाही न तापता पोहोचली. आत्याने माईआत्याला हात धरून आणलं, पुढे बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि वाट बघू लागली. माईआत्या तिच्याकडे वळली. चेहऱ्यावर फार गोड हसू होतं.

"बाई, तुम्ही कुणाच्या?"

मागच्या सीटवर मला रडू आवरेना. आत्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. मग तिने किल्ली फिरवली.

"मी ड्रायव्हर हाय, ताई. कुठं सोडू तुम्हाला?"

"लातूरला," माईआत्या म्हणाली. "माझी बहीण असती तिथं. वाट बघत असंल."

"हाव, बघत असंल," आत्या म्हणाली, आणि तिने गाडी लातूरच्या रस्त्याला घेतली.