गच्चीवरच्या कुरडया आणि आकाशातला कचरा

आमच्या अमरावतीच्या घरी सकाळचा चहा म्हणजे सरकारदरबारी धाडायच्या माझ्या पत्रांचे प्रथम वाचन. श्रोता एकच, पत्नी. त्या उन्हाळ्यात मी दळणवळणाच्या उपग्रहांविषयी केंद्र सरकारला सविस्तर आक्षेप लिहिला होता. पृथ्वीलगत फिरणाऱ्या या यंत्रांचे आयुष्य जेमतेम पाचेक वर्षांचे. मग त्यांना खाली आणून वातावरणात जाळायचे, आणि राख आमच्या डोक्यावर. कोणाच्या परवानगीने? कचरागाडी तरी दारात थांबून ओला की सुका विचारते! संतापाच्या भरात पुढचे वाक्य मी चढ्या आवाजात वाचले : ‘एखादा तुकडा न जळता नागरिकाच्या छतावर आल्यास...’

पत्नीने कप खाली ठेवला. “मंग मी कुरडया गच्चीवर नाही घालत.”

तीन दिवस भिजवलेला गहू वाटून चीक काढून झाला होता. उद्या सकाळी तो शिजवला नाही, तर आंबून वाया जाणार होता आणि अकोल्याच्या लेकीचा वर्षाचा डबा रिकामा राहणार होता.

मी समजावले, की आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरील नुकसानीस उपग्रह सोडणारा देश जबाबदार असतो. त्याची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही.

“तो देश येईन का चीक शिजवाले?”

मग मी माझ्याच आक्षेपाविरुद्ध युक्तिवाद केला. हे उपग्रह बहुधा वरच जळून जातात. आपल्या गच्चीवर तुकडा पडण्याची शक्यता नगण्य.

“मंग सरकारले भेव काहून दाखवून राहिले? मले लिहून द्या.”

आयुष्यभर मी इतरांकडे लेखी उत्तरे मागितली. माझ्याकडे कोणी मागितले, ते प्रथमच. हमी लिहून सही केली. तिने वाचली. “आन् राखन कोन करन?” तेही कलम घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन गच्चीवर बसलो. आकाशातून आले ते कावळेच. दुपारी ती ताक घेऊन आली आणि छत्रीच्या सावलीत टेकली.

“आवो, पन त्या उपग्रहाले खाली कोन आनते?”

तो स्वतःच उतरतो, मी सांगितले. त्यासाठी शेवटचे थोडे इंधन जपून ठेवलेले असते.

“म्हन्जे जायाची सोय करूनच वर जाते. शहाना हाय. तुमाले तं चष्माबी मीच शोधून देतो.”

तिसऱ्या दिवशी कुरडया खडखडीत वाळल्या. डबा मीच एसटीने, मांडीवर धरून, अकोल्याला नेला. वाटेत आक्षेपही टपालात टाकला, एकही शब्द न बदलता. लेकीने दारातच डबा उघडला, एक कुरडई कच्चीच मोडून तोंडात टाकली आणि आईला फोन लावला.