बेनेडिक्टकाकांनी विकलेलं ऊन

बोरीवलीच्या गावठाणाला लागून बेनेडिक्टकाकांचं भाताचं शेत होतं. सहासष्ट साली त्यांनी ते विकलं. मुलगे नोकरीला लागले होते, नांगर धरायला घरात कुणी उरलं नव्हतं. त्या जागेवर चार मजली इमारत उभी राहिली आणि नाटकाचे दौरे करून थकलेली मी तिच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. माझी गॅलरी दक्षिणेला. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, थेट काकांच्या कौलारू घरावर.

विकताना त्यांच्या बायकोनं, एमिलियामावशीनं, एकच अट घातली होती. "माझ्या ओट्यावरचं ऊन तेवढं जाऊ देऊ नको." संधिवातानं थंडीत तिचे गुडघे धरत, बोटं वळून बसत. सकाळभर ओट्यावर शेकली, की तांदळाची भाकरी थापण्याइतकी मोकळी होत. काकांनी शब्द दिला, तोही खात्री करून. मे महिन्यात भर दुपारी त्यांनी शेताच्या कडेला उंच बांबू रोवला. सावली बांबूच्या बुडाशीच. "केवढी पण उंच होऊ दे, आपल्या दारात काय येत नाय," म्हणाले आणि सही केली.

पेरणी-कापणीचं ऊन त्यांना तोंडपाठ होतं. पण त्या घरासमोर उंच असं आजवर काही नव्हतंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला की सावली किती लांबवर पसरते, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

डिसेंबरात ती पसरली. ओटा ओलांडून कौलांवर चढली आणि नाताळ उलटला तरी हटली नाही. काका रोज सकाळी मावशीला खुर्चीसकट उचलून रस्त्याच्या कडेला, क्रुसाजवळ, उन्हाच्या तुकड्यात नेऊन ठेवत. एकदा एक ट्रक तिच्या अगदी पायाशी धूळ उडवत गेला, तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "काका, मावशीला वर आणा! माझ्या गॅलरीत ऊन मावत नाही."

"मी विकलेलं ऊन तुझ्याकडे मागायला येऊ, बाय?"

"तुझा मान ऱ्हाऊ दे खाली," मावशी म्हणाली. "माझे गुडघे तेवढे वर ने."

त्यांनी तिला पाठीवर घेऊन तीन मजले चढवले.

मग हिवाळाभर मावशी रोज माझ्या गॅलरीत, चटईवर. बोटं सुटली की मेथी निवडी, माझ्या जुन्या शालूंना टाके घाली, नाटकात खोटं रडतात ते कसं, म्हणून विचारी. काका मात्र आत, दाराच्या चौकटीशी सावलीत उभे. चहासुद्धा तिथंच. कितीदा म्हटलं, बसा हो. "इथंच बरा हाय."

फेब्रुवारीत एका सकाळी मावशी वैतागली. "किती दिस शिक्षा भोगशील रे? पाद्रीबाबा पण एवढी देत नाय."

"तुला शब्द दिलेला. मोडला मी."

"मोडलास. मी रागावले पण. सगळा नाताळ तुझ्याशी धड बोलले नाय." तिनं शाल सावरून चटईवर जागा केली. "आता पाठ दुखते माझी. टेकायला कोण तरी पायजे. ये."

काका चपला काढून उन्हात गेले आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसले.

रंगभूमीवर मी समेटाचे प्रवेश पुष्कळ केले, टाळ्याही घेतल्या. त्या दिवशी मात्र आपण विंगेत जावं हे मला कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, उगाच उकळत ठेवला.

कप घेऊन आले तेव्हा दोघांचे डोळे मिटलेले होते. काकांच्या कपाळावर घाम आला होता, तरी ते उठले नाहीत.