मामाच्या तारा आणि भाचीची सोयरीक

चहा होऊ दे आधी, मग सांगतो. हे सांगताना माझं अजून डोकं तापतं. तोंड उघडून घोटाळा करणारी माणसं तुम्ही पुष्कळ बघितली असतील. मी तोंड मिटून केला. एक शब्द न बोलता, एक घास न खाता, जमत आलेली सोयरीक मोडायच्या कडेला नेऊन ठेवली. आणि तीही कुणाची, तर माझ्या सख्ख्या भाचीची.

सुरुवात आमच्या पोरीपासून झाली. श्रेया, सहावीत आहे. वरचे दात पुढं येऊन एकमेकांवर चढायला लागलेले. शाळेच्या तपासणीत सांगितलं, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून बेळगावात एका दवाखान्यात घेऊन गेलो. खुर्चीत बसवली, तर पोरगी मुसमुसायला लागली, तोंडच उघडेना. डॉक्टरीणबाई तरुण, घरी कानडी बोलणाऱ्या. आधी मराठीत समजावलं, मग 'बाय तेगी पुट्टी', म्हणजे तोंड उघड बाळ, म्हणून कानडीत समजावलं. पण दोन्ही भाषांत तोंड बंद ते बंदच.

तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य बोललो. म्हणालो, "भ्यायचं काय त्यात? तुझ्या आधी मी तारा लावून घेतो बघ."

आता मला सांगा, असं आपण बोलतोच की नाही? पोरानं औषध प्यावं म्हणून 'मी पितो बघ' म्हणतो आणि चमचा ओठाला लावून परत ठेवतो. हेही तसलंच होतं. पण श्रेयानं रडणं थांबवलं आणि डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. माझे दात म्हणजे जत्रेत उभी राहिलेली माणसं, कुणाचं तोंड कुणीकडं तर कुणाचं कुणीकडं. डॉक्टरांनी आरसा घालून नीट बघितलं आणि म्हणाल्या, वय आडवं येत नाही, हिरड्या आणि हाड मजबूत असलं की मोठ्यांचेही दात सरळ होतात, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. मी बायकोकडं बघितलं, की ही तरी सोडवेल. ती म्हणाली, "घ्या की लावून. जेवल्यावर तास तास काडी घालून बसताय, ते तरी बंद हुईल."

झालं. माझा एक्स-रे निघाला, दात साफ झाले, आणि पुढच्या खेपेला प्रत्येक दातावर एक बारीक धातूचा चौकोन चिकटवून त्यांच्यातून तार ओवली. पोरगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. बापाचं झाल्यावर गुमान खुर्चीत बसली, आ केला, तिचाही एक्स-रे निघाला. तो बघून डॉक्टर म्हणाल्या, हिचे दोन दुधाचे दात अजून पडायचे आहेत, घाई नको, वर्षभरानं बघू.

म्हणजे पोरगी मोकळी. मी तारेत.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. पण बोलायची सोय नव्हती. पहिले काही दिवस असे जातात, की सगळे दात कुणीतरी हलवून परत खोचून ठेवल्यासारखे वाटतात. केळंसुद्धा दुखतं. त्यात माझ्या तारेचं मागचं टोक गालाला आतनं टोचायचं. त्यासाठी डॉक्टरांनी मेणाची डबी दिली होती. चिमूटभर मेण मळून टोकावर बसवायचं. शिवाय कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, पुढच्या दातांनी तोडायचं नाही, खाल्लं की ब्रश करायचा.

मी बेळगावजवळ मच्छेला कारखान्यात सुपरवायझर आहे. हाताखालची पोरं कसली आहेत ते मला माहीत. या वयात दातांना तारा म्हटल्यावर त्यांनी मला नोकरी सोडायला लावली असती. म्हणून तोंडाला मास्क लावला आणि धूळ फार झाली म्हणून सांगितलं. सवय होईपर्यंत घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं.

आणि नेमका तेव्हाच आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, खानापूरकडच्या खेड्यात दिलेली. तिच्या अश्विनीला सांबऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा किरण, बँकेत नोकरी. त्यांनी मुलगी बघून पसंत केलेली, आता आपण घर बघायला जायचं आणि सगळं बरं वाटलं तर तारीख धरायची. मामा पाहिजेच. नाही म्हणायची सोय आहे का? रविवारी आक्का आणि दाजी गाडीनं खानापूरकडनं आले, मी बेळगावातनं मोटारसायकलनं गेलो. भेट झाली ती थेट पाहुण्यांच्या दारात. तिथं मास्क कसा लावून बसणार? खिशात घातला आणि ओठ घट्ट मिटले.

मी मूळचा बडबड्या. त्या दिवशी हात जोडले, मान हलवली आणि बसलो. आक्कानं एकदा वळून बघितलं.

किरणचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणत, शेती करणारे सरळ गृहस्थ. त्यांनी उत्साहानं घर दाखवलं. पुढचा सोपा बघितला, स्वयंपाकघर बघितलं. मागच्या खोलीत आलो आणि तार गालात अशी रुतली, की माझं तोंड वाकडं झालं. समोर नेमकी गिलावा न केलेली भिंत. आप्पा घाईनं म्हणाले, लग्नाआधी गिलावा करून घेणार आहे. मी तसदी नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, एवढ्यानं भागत नाही. म्हणाले, रंगही देतो.

परत येऊन बसलो, तर बश्या आल्या. डिंकाचे लाडू, चकल्या आणि खव्याचा कुंदा. कडक, कडक आणि चिकट. जणू डॉक्टरांना विचारून ताट वाढलं होतं. मी लाडू नको म्हणून हात केला, चकली नको म्हणून हात केला. कुंद्यालाही हात केला तेव्हा किरणच्या आईचा चेहरा उतरला. बेळगावचा माणूस कुंदा नको म्हणतो, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे.

आक्का माझ्या कानाशी लागली. "काय झालंय रं? ह्या पोराबद्दल काय ऐकलंईस काय?"

मी तिचा हात दाबला आणि डोळ्यांनी खूण केली, मागनं सांगतो. आता यात माझं काय चुकलं? पण तिनं घेतला अर्थ असा, की ऐकलंय, आणि मोठं आहे. तिनं हातातला लाडू बशीत परत ठेवला. ते बघून दाजींनी अर्धी खाल्लेली चकली ठेवली. मुलाच्या घरी जाऊन मुलीकडच्या तिघांनी बशीवरनं हात काढला, याचा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो.

माझं मात्र तिकडं लक्ष नव्हतं, कारण गाल सोलवटून निघाला होता. मी उठलो आणि मागच्या अंगाला गेलो. गवताच्या गंजीआड भिंतीकडं तोंड केलं, डबी काढली, मेण मळलं आणि दोन बोटं तोंडात घालून टोक चाचपायला लागलो. एवढ्यात मागं पावलं वाजली. आप्पा होते.

त्यांचा आवाज खाली गेला होता. "पाव्हणं, तुमच्या कानावर आलंय, व्हय न्हवं?"

तोंडात बोटं. मी काय बोलणार? पाठ करून तसाच उभा राहिलो.

"पोराचं म्होरचं दोन दात खोटं हाईत. कबड्डी खेळताना गेलं. लपवायचं न्हवतं ओ, पर पयल्याच भेटीत कसं काढायचं त्ये? आज सांगणारच हुतो."

मी "अं" म्हणालो. मेण तेव्हाच बसलं होतं, म्हणून ते समाधानाचं "अं" होतं. आप्पांना ते निकालासारखं वाटलं असणार. ते आल्या पावली आत गेले आणि सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकलं.

मी हात पुसून आत आलो, तर सोप्याचा रंग पालटलेला. किरण मान खाली घालून बसलेला. त्याची आई डोळ्याला पदर लावून. आक्का विचारत होती, दात लपवलंसा, आणि काय काय लपवलंयसा. आप्पा म्हणत होते, आम्ही आपणहून सांगितलं, तरी तुमचा भाऊ तोंड फिरवून उभा राहतो, हा आमचा अपमान नाही का. दाजी चपला शोधत होते. आणि त्या पोराचा चेहरा बघितला तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की हे सगळं माझ्यामुळं चाललंय. एक चांगलं घर, एक चांगला पोरगा, आणि हे सगळं माझ्या गालापायी मोडणार.

मी सोप्याच्या मधोमध उभा राहिलो आणि तोंड उघडलं.

"म्या काय बी ऐकलं न्हाई. मला खाता येत न्हाई, एवढंच हाय." तारांमुळं त्यातलं निम्मं फुसफुसत बाहेर आलं, पण कुणाचं शब्दांकडं लक्षच नव्हतं. दारातनं ऊन थेट माझ्या तोंडावर पडलं होतं.

आधी किरणनं मान वर केली. मग तोंडावर हात धरला. मग त्याच्या आईनं डोळ्याचा पदर तोंडाला लावला. आक्का तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगायला काय झालतं रं तुला?"

दाजींनी अश्विनीला फोन लावला आणि खोट्या दातांचं चाचरत सांगितलं. तिकडनं ती म्हणाली, की किरणनं मला पहिल्याच फोनला सांगितलंय, तुम्ही तिथं जाऊन दातांवर काय बोलत बसलाय? म्हणजे बघा, ज्यांना कळायला पाहिजे होतं त्यांना कधीच कळलं होतं.

मग वातावरण निवळलं. माझ्यासाठी मऊ भात ताकात कालवून आला. किरण शेजारी येऊन बसला, कुठं टोचतं ते विचारलं, दात बसवताना त्याला काय काय सोसावं लागलं ते सांगितलं. पोरगा सोन्यासारखा. आप्पांनी हसत हसत विचारलं, मग गिलाव्याची तेवढी घाई नाही ना? आक्का म्हणाली, कबूल केलंय ते केलंय.

आता तारीख धरायची, एवढ्यात कॉटवर बसलेली किरणची थोरली आत्या बोलली. इतका वेळ तिनं ब्र काढला नव्हता. मला जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं आणि वाकून खालवर बघितलं. डॉक्टरांनीही इतकं बारीक बघितलं नव्हतं.

"आमच्या पोराचं पडून गेल्यात म्हणून खोटं हाईत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्येंचं जन्मापासनं असं हाईत. पोरगी मामाच्या वळणावर गेलीया काय, त्ये बघितलं काय कुणी?"

आता मुलीकडचे आम्ही आरोपी. त्यांनी मुलगी बघितली होती, पण बघायला आलेल्या लोकांसमोर कुठली पोरगी दात दाखवून हसते? दाजींनी घाम पुसत मोबाइल काढला आणि अश्विनीचा खळखळून हसतानाचा फोटो शोधून दिला. आत्यानं तो लांब धरला, जवळ धरला, किरणकडनं मोठा करून घेतला. एकेक दात तपासला. मग माझ्याकडं एकदा बघितलं, परत फोटोकडं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बापावर गेलीया. धरा तारीख."

दाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. अशी माझ्या भाचीची सोयरीक ठरली. मुलगा चांगला म्हणून नाही, घर चांगलं म्हणूनही नाही. ती माझ्यासारखी दिसत नाही म्हणून.